काळ्या इंजिनाला पांढरा ठिपका

मोताळा,
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय धम्मा,
सप्रेम जय भीम.

बाबा आणि मी, आम्ही दोघं ठीक आहोत. तूही पुण्यात ठीकच असशील. 'ताई, मीटिंगमध्ये आहे' हे सांगताना तुझा आवाज चांगला खणखणीत असतो. फोन तू मध्येच ठेवू शकतोस, पत्र ठेवलंस तरी ते तिथेच राहतं, म्हणून लिहिते आहे.

तुझं पार्सल मिळालं. वर्षभराने बापाला काही पाठवावंसं वाटलं आणि त्यातून निघाले सेन्सर! वर तुझा हुकूम: 'सगळं ऑटोमॅटिक करून घे. बाबांना हात लावू देऊ नकोस. बोगद्यात पुन्हा टक्कर झाली, तर तो खेळण्यातल्या आगगाड्यांचा सगळा सेट मी इथल्या एका संग्राहकाला देऊन टाकतो आणि बाबांना पुण्याला आणतो.' देऊन टाकतो म्हणे. जणू मलकापूरच्या रेल्वे केबिनमध्ये जन्मभर लिव्हर तूच ओढलेस आणि रिटायर झाल्यावर बैठकीतल्या प्लायवूडवर हे इवलेसे रूळही तूच ठोकलेस.

मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "हात नाही लावू तं काय करू? मी काय पाव्हणा हाओ का वं?"

तरी मी कामाला लागले. त्या नखाएवढ्या तुकड्याला दोन डोळे असतात. एक डोळा आपल्याला न दिसणारा उजेड वर फेकतो. तो गाडीच्या पोटावर आपटून परत आला की दुसऱ्याला कळतं, गाडी आली. मग बारीकसा हिरवा दिवा लागतो. मी रुळांमध्ये भोकं पाडत होते, तर शेजारच्या मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या, "काऊन वं मंजुश्री, उंदरं कमी पडले का, तू बी कुरतडून राह्यली?"

दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं आणि गाडी नसतानाही सगळे दिवे लागले. आईचं जुनं लुगडं खिडकीला बांधलं, तेव्हा ते शांत झाले. पण खरी गंमत पुढे होती. सेन्सरला लाल डबे दिसायचे, काळं इंजिन मात्र दिसायचंच नाही. ते बिनबोभाट बोगद्यात शिरायचं आणि दिवा लागायचा तो मागून येणाऱ्या डब्याने. तुला फोन केला, तर काय बोललास आठवतं? "भंगार झालंय ते इंजिन, फेकून दे. नवीन पाठवतो."

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ॲग्नेस होत्या. पटांगणात उन्हात एक काळा, एक पांढरा रुमाल अंथरून त्या म्हणायच्या, "मुलींनो, काळा सगळं गिळतो, परत काही देत नाही." तेव्हा मला वाटलं होतं, त्या फक्त रंगाबद्दल बोलताहेत.

आणि तो काळा रंग कुणाचा, माहीत आहे? तुझाच. तू सातवीत असताना बाबांनी तुला ते इंजिन आणलं होतं, चांगलं हिरवं चकचकीत. तू सायकलच्या दुकानातून काळा रंग आणलास, त्यात चुलीची काजळी कालवलीस. "खरं इंजिन चकाकते का कधी?" म्हणत ओसरीवर बसून रंगवलंस. कोपरापर्यंत काळा झाला होतास. आईने घासलेटाने तुझे हात पुसले होते. बाबांनी त्या रंगावर आजवर दुसरा रंग चढू दिलेला नाही. आणि तू म्हणतोस, फेकून दे.

मी फेकलं नाही. पोटाखाली पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला.

बाबांच्या बोटाला ओला रंग लागला. म्हणाले, "तीट लावून राह्यली का? आपुन मानत नाही ना बाई असलं."

"पांढरी आहे बाबा. दिसावं म्हणून लावलीय."

त्यांनी रंगाचं बोट पुसलं. मग म्हणाले, "मले बी लाव मंग एखादी."

ऑटोमॅटिक मी काहीच केलेलं नाही. लहानपणी मी केबिनमध्ये डबा घेऊन जायचे. पुढच्या स्टेशनाची घंटी वाजली की बाबा भाकरीवरून मान वर न करता लिव्हरकडे हात न्यायचे. ते आठवलं. गाडी आपोआप थांबवणारे तुझे स्विच काढून टाकले आणि प्रत्येक सेन्सरला वेगळ्या आवाजाची घंटी जोडली. काल संध्याकाळी बाबांनी दोन्ही गाड्या स्वतःच्या हाताने चालवल्या. बोगद्याच्या तोंडाशी घंटी वाजली की एक थांबवायची, दुसरी सोडायची. टक्कर नाही, काही नाही.

मनकर्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या. "इंद्रभानभाऊ, तुमाले तं डोये मिटून बी जमते!"

"मिटलेलेच हायेत, वहिनी," बाबा म्हणाले.

हो धम्मा. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. टक्कर का होते, असं तू एकदा तरी विचारलंस? 'वय झालं' म्हणून मोकळा झालास. बाबांनी तुला सांगू नको म्हटलं, मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही. तू गाडी घेऊन आला असतास आणि त्यांना उचलून कुठल्याशा मजल्यावर नेऊन बसवलं असतंस, जिथे त्यांना दार कुठल्या बाजूला आहे तेही कळलं नसतं. इथे त्यांच्या बोटांना खिळा न् खिळा ठाऊक आहे.

आता बोगद्यात टक्कर होत नाही. त्यामुळे तुझा हुकूम संपला. तरीही काही द्यायचं-न्यायचं असेल, तर आधी इथे ये, समोर बस, त्यांना गाडी चालवताना बघ आणि मग त्यांच्या तोंडावर बोल.

एक सेन्सर उरला होता. तो बाबांनी पुढच्या दाराच्या चौकटीत लावून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. घंटी वाजली की मान वर करून बसतात. आतापर्यंत दूधवाला आला, मनकर्णाबाई आल्या आणि त्यांची पांढरी शेळी आली.

तुझ्या सगळ्या फोटोंत तू काळ्या कपड्यांत असतोस. येताना तसा येऊ नकोस. विहारात जाताना घालायचास तसे पांढरे घालून ये. घंटी वाजली नाही, तर तू आलास हे बाबांना कळणार नाही, आणि मी सांगणार नाही.

तरीही तुझीच,
मंजुताई