लहान गोळी बरी, असं म्हणणारा मी

मी, इदवल ब्रीस, वय चौऱ्याहत्तर, राहणार ब्लाएन-नांत, लान-एरिल गावाच्या वरचं शेवटचं शेत, मध्य वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही असं वकील म्हणतो. मला कोणी धाक दाखवलेला नाही की पाजलेली नाही. याआधी केलेलं एकुलतं एक मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. मला चॅपलच्या आवारात पुरावं. प्रवचन दहा मिनिटांच्या वर नको. गुडघे दुखणारी माणसं येतील. गेल्या नोव्हेंबरात वारलेल्या एमलिन जार्मनच्या शेजारी जागा रिकामी आहे. स्वस्त पडते म्हणून मला तिथे ढकलू नये. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम २. माझ्या एकशे चाळीस मेंढ्या, दोन मेंढे आणि कुत्री फ्लॉस हे सारं खालच्या शेतावरच्या हेलेद पग हिला द्यावं. सहा वर्षं माझी कोकरं तिनंच जगवली आहेत. तिच्या बापानं १९९४ साली माझी सामाईक भिंत पाडली आणि बोट वाऱ्याकडे दाखवलं. ते मी विसरलेलो नाही. पण पोरगी बापावर गेलेली नाही, हे तिचं नशीब. फ्लॉसला गाडीत पुढच्या सीटवर बसायची सवय आहे, ती मोडू नये.

कलम ३. ब्लाएन-नांतचं घर, स्वयंपाकघरासकट आणि भांड्याकुंड्यांसकट, माझी धाकटी बहीण लुनेद ब्रीस हिला द्यावं. त्रेचाळीस वर्षं हे घर तिनंच चालवलं. मी फक्त त्यात राहिलो.

कलम ४. माझ्या रायफली तीन, गोळीच्या मापावरून पॉइंट १७, पॉइंट २२३ आणि जुनी पॉइंट २२. हेलेदला त्यांतल्या दोन मिळाव्यात. तिचा परवाना येईपर्यंत त्या तालुक्याच्या परवानाधारक दुकानदाराकडे ठेवाव्यात, घरी आणू नयेत.

तिनं मला गेल्या वर्षी विचारलं होतं, "काका, एकच घ्यायची तर कोणती घेऊ? लहान घेतली की धोका कमी ना?" मी तेव्हा खोकल्याचं निमित्त करून टाळलं. उत्तर आता देतो.

पोरी, एकच घेऊ नकोस. सशांना पॉइंट १७. गोळी चिमुकली पण वेगाची, काही लागलं की फुटून जाते. वारा असला तर मात्र घरी चहा पी, कारण वारा तिला वाटेल तिकडे नेतो. कोल्ह्याला पॉइंट २२३. आवाज मोठा होईल, मेंढ्या कान टवकारतील, शेजारी कुरकुरतील. कुरकुरू देत. कोल्हा जागच्या जागी पडतो, जखमी होऊन बिळात तीन दिवस कुजत नाही. आणि कोणतीही असो, आधी जनावराकडे बघू नकोस, त्याच्या मागे बघ. मागे मऊ मातीचा चढ असेल तर चाप ओढ. दगड, पाणी, आभाळ किंवा माणसाची वाट असेल तर कोल्ह्याला जाऊ दे. एक कोकरू गेलं तर गेलं.

तिसरी, जुनी पॉइंट २२, कुणालाही देऊ नये. पोलिसांच्या हवाली करून वितळवून टाकावी. तिची गोळी संथ आणि शिशाची, दिसायला गरीब. ती फुटत नाही. दगडाला लागली की उडते आणि कुठे जाईल ते देवही सांगू शकत नाही. हे मला कोणी शिकवलं ते पुढे आहे.

कलम ५. हे कलम मालमत्तेचं नाही. तरी वकिलानं ते गाळू नये.

एप्रिल १९८१, कोकरांचे दिवस. एमलिन जार्मन पलीकडच्या खोऱ्यातला, अठ्ठावीस वर्षांचा. लुनेदशी त्याचं लग्न ठरलं होतं, सप्टेंबरासाठी चॅपलही सांगून ठेवलं होतं. एका कोल्हिणीनं आमची अकरा कोकरं नेली होती. एमलिन सकाळी सातला आपली मोठी रायफल, जास्त दारूची ट्रिपल-टू, खांद्याला लावून आला.

मी म्हणालो, "ही तोफ कुणासाठी? मेंढ्या उधळल्या तर पोटातली टाकतील. माझी पॉइंट २२ घे. घराजवळ लहान गोळी बरी."

"अरे इदवल, ओढ्यापलीकडे सगळा पाटीचा दगड, तोही ओला. लहान गोळी त्यावरून उडते. मोठी आपटली की तिचा चुरा होतो. घराजवळ मोठीच बरी."

"हे कोणत्या शाळेत शिकवतात रे? लग्न व्हायचंय अजून आणि मालक झालास होय?"

तो हसला. "बरं बाबा, मेहुण्याशी भांडून कसं चालेल," म्हणाला आणि त्यानं माझी रायफल उचलली.

कोल्हीण ओढ्यापलीकडे साठ पावलांवर उभी होती. त्यानं नीट नेम धरला, पण गोळी तिच्या पोटाखालून गेली, दगडावर आपटली आणि उजवीकडे उडाली. उजवीकडे शंभर पावलांवर, गोठ्याच्या भिंतीशी, लुनेद एका आईविना कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. कोल्हीण पळाली ती आम्ही पाहिली. मग किंकाळी ऐकली. गोळीचा जोर मेला होता म्हणून लुनेद वाचली. डावा डोळा गेला.

पोलिसांनी विचारलं, रायफल कोणी निवडली? मी म्हणालो, त्यानं. वर हेही म्हणालो, की मी तर मोठी घे म्हणत होतो, पण ऐकेल तर शपथ. माझ्या मेंढ्या होत्या, कोल्हे होते, आणि माझा परवाना गेला असता. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

लुनेद, तू इस्पितळात मला विचारलंस, "एमलिन म्हणतो, रायफल तू हातात दिलीस. खरं का रे?"

मी म्हणालो, "माझ्या तोंडाकडे बघ. मी असं करीन?"

तू उरलेल्या डोळ्यानं बघितलंस आणि विश्वास ठेवलास. अंगठी पोस्टानं परत पाठवलीस. त्याचा परवाना गेला, मेंढ्या विकल्या गेल्या. तो समुद्राकाठी जाऊन दुधाची गाडी चालवू लागला. त्यानंही लग्न केलं नाही. खरं त्यानं दोनदा सांगितलं, एकदा पोलिसांना आणि एकदा तुला. तिसऱ्यांदा कुणालाच सांगितलं नाही.

पुढे परवान्याची भीती उरली नाही. पण तोवर रोज संध्याकाळी सहाला गरम जेवण पुढ्यात येत होतं, मोजे रफू होत होते, आणि ते बंद व्हावं असं मला वाटलं नाही. ही गोष्ट त्या खोट्यापेक्षा वाईट आहे, हे मला कळतं. आणि ती पॉइंट २२ पोलिसांनी परत दिली तेव्हा मी घेतली, तिनंच ससे मारले, आणि तू ते शिजवलेस.

गेल्या नोव्हेंबरात त्याला पुरायला इथे आणलं. तू म्हणालीस, "मी कशाला जाऊ? डोळा परत देणार आहे का तो?" मी एकटाच गेलो आणि मागे उभा राहिलो. मला लाज वाटते. हे तू माझ्यामागे वाचशील, म्हणजे तुझं तोंड बघायची वेळ माझ्यावर येणार नाही, असा हिशेब मी केला आहे. भित्रा तेव्हाही होतो.

कलम ६. वरच्या कलमांत न आलेलं किंवा काही कारणानं कुणाला न पोचलेलं जे उरेल ते चॅपलच्या छपरासाठी द्यावं. ते छप्पर माझ्या लहानपणापासून गळत आहे आणि वर्गणी तेव्हापासून चालू आहे.

कलम ७. वरची सहा कलमं मी गेल्या आठवड्यात लिहिली. हे आज सकाळी लिहितो आहे.

सह्यांसाठी अकराची वेळ ठरली होती. मी मेंढ्यांना चारा घालून आलो तर लुनेद स्वयंपाकघरात बसलेली, पुढ्यात हे कागद, हातात भिंग. चूल पेटवलेली नव्हती.

ती म्हणाली, "त्याला पुरलं तेव्हा पाऊस होता?"

"होता."

"माणसं किती होती?"

"सात. मला धरून."

"तुला धरू नकोस."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आता नको. ते तू लिहिलंयस, तेवढं पुरे."

अकराला निवृत्त पोस्टमन टिबट आला. दुसरा साक्षीदार येणार होता त्याची गाडी बर्फात अडकली. लुनेदनं पेन उचललं. "मी करते सही."

टिबट म्हणाला, "अगं लुनेद, असं करू नकोस. जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. कायदाच आहे तसा. घर जाईल तुझं."

"ठाऊक आहे. साक्षीदार कसे हवेत ते वकिलानं पत्रात लिहिलं होतं, ते याला मीच वाचून दाखवलं. चष्मा सापडत नव्हता याचा."

"मग घर?"

"चॅपलला छप्पर हवंय ना कधीचं? इदवल, तू आधी सही कर. आमच्या देखत कर. तुझ्यावर विश्वास ठेवून मी पुन्हा खोलीबाहेर जाणार नाही."

मी विचारलं, "तू जाणार कुठे?" तिनं पेन माझ्या हातात दिलं.

कलम तीन आता फुकट गेलं, हे मला समजतं. तरी मी ते खोडत नाही. ती मागेल तर द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि ती मागणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या समक्ष सही करत आहे.

ब्लाएन-नांत, शनिवार, ९ मार्च २०२४

इदवल ब्रीस

मृत्युपत्र करणाऱ्यानं आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली. नाव आणि पत्ता ज्याचा त्यानं लिहिला आहे.

साक्षीदार पहिला: अनाइरिन टिबट, निवृत्त पोस्टमन, जुन्या पोस्टाजवळ, लान-एरिल.

साक्षीदार दुसरी: लुनेद ब्रीस, ~~ब्लाएन-नांत~~ हेलेद पगच्या घरची मागली खोली, आज दुपारपासून.