हनुवटीचं हाड आणि दिव्याचं मंगलाष्टक

पिंपळे गुरव,
६ जुलै २०२५

ती. सोजराआक्काच्या पायांशी धाकट्या कोंडीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुला ऐकू येत नाही आणि मला पुढचे दात नाहीत, तेव्हा फोन बाजूला ठेवून पत्रच लिहितो.

नात दिव्याचं लग्न २३ नोव्हेंबरला ठरलं. मंगलाष्टक मीच रचलंय, अस्सल शार्दूलविक्रीडित! शाळेत गुरुजी बाकावर छडीने ताल धरायचे आणि पवनेकाठची बाभूळसुद्धा डोलायची. पहिली ओळ बघ: ‘दिव्या ही अमुची सुखी सदनि या नांदो सदा लाडकी’. पण म्हणायला गेलो की ‘सुखी सदनि’ला नुसती वाफ निघते. नातू ओंकार म्हणाला, आजोबा, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करू का. कवळीचं तर विचारूच नकोस. कासारवाडीच्या दशक्रियेत मी चार शब्द बोलायला उठलो आणि ती फोटोपुढच्या ताटात पडली.

म्हणून आता जबड्यात स्क्रू बसवून कायमचे दात घेतोय. दातांच्या डॉक्टर पूनमबाई म्हणतात, जबड्याचं हाड झिजलंय, स्क्रू धरणार नाही. आधी हाडाची भुकटी भरू. मी चौतीस वर्षं फाउंड्रीत वाळूचे साचे ठोकले, मला काय सांगायचं? संध्याकाळी भरलं की सकाळी पक्कं. लग्नात मी खणखणीत म्हणणार.

लोभ आहेच, तो माझ्या दातांसारखा हलू देऊ नकोस.
तुझा कोंडू


चाकण,
१४ जुलै

चि. कोंडूस आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. कविता ग्वाड हाय, पर त्यात नवऱ्या मुलाचं नावच न्हाई. येका बाजूनंच लगीन लावतोस व्हय? कुलदीपलाबी कुठंतरी बसव.

आन भुकटी हाडाची म्हंतोस, ती कुणाच्या हाडाची? इचारलंस का? आपल्या गळ्यात माळ हाय. अंड्याच्या ताटाला तू शिवत न्हाईस, आन तोंडात काय भरून घेणार हाईस ते तरी बघ. माझे चार दात ऱ्हायलेत, दुधात भाकर कुस्करली की झालं.

इकडं आपल्या वावरात गोदाम झालंय. तिथला वॉचमन मलाच इचारतो, आजी, कुणाला भेटायचंय. पोराबाळांस गोड पापा.
आक्का


पिंपळे गुरव,
२७ जुलै

ती. आक्कास सा. न. वि. वि.

बरं झालं विचारलंस. पूनमबाई शांतपणे म्हणाल्या, ही पुडी गाईच्या हाडाची, शुद्ध केलेली. मी गळ्यातल्या फडक्यासकट खुर्चीतून उठलो तो थेट जिन्यात! त्यांनी मागे येऊन समजावलं, कारखान्यात बनवलेलीही मिळते. मी म्हटलं, काही नको, माझंच घ्या. फाउंड्रीत आम्ही आमचंच भंगार वितळवून परत ओतायचो. तेव्हा हनुवटीतून हाड काढून वरच्या जबड्यात भरलं. जखमा दोन, माणूस एक. तोंड असं सुजलंय की दूधवाल्याने मला ओळखलं नाही.

खरं दुखणं मात्र वेगळंच. मी सहज विचारलं, तुळशीच्या लग्नापर्यंत दात येतील ना? त्या म्हणाल्या, हाड धरायलाच चार महिने, मग स्क्रू, मग आणखी तीन, दात उन्हाळ्यात. आक्का, मी आधी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, मला माहीत आहे.

माझा ज्योतीराम, दिव्याचा बाप, हॉलवर भाड्याचा गवई आणतोय. कागद त्याला देईन म्हणतो. आठशे माणसांत आपल्याच कवितेची माती करण्यापेक्षा अक्षता घेऊन गप्प बसणं बरं. चारी ओळी सोबत पाठवल्यात, कुलदीपसकट. तू तरी वाच.

माया पातळ होऊ नये.
तुझा कोंडू


चाकण,
४ ऑगस्ट

चि. कोंडूस आशीर्वाद, आन एक धपाटा.

राखी धाडली हाय, दिव्याकडून बांधून घे. गवयाचं नाव काढू नगंस. त्यो दिव्याच्या जागी दीपाली म्हणून मोकळा व्हईल. तू शाळेची कविता पाठ करायचास तवा मी अंगणात गवऱ्या थापायची. चौथीतनं माझी शाळा सुटली, पर तू अडलास की मागनं ओळ कोण सांगायचं? मी तुझ्या शेजारी उभी ऱ्हाते. शिट्टी वाजली तर मला ऐकू यायची न्हाई, आन ज्याला ऐकू येईल त्यानं जेवाय जावं.

सूज उतरली की कळव.
आक्का


पिंपळे गुरव,
३० नोव्हेंबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू सकाळच्याच गाडीने निघालीस, म्हणून तुला जे ऐकू आलं नाही ते लिहितो.

‘सुखी सदनि’ला माझी शिट्टी वाजली. मागून पोरांनी उलट शिट्टी दिली. समोर उभ्या कुलदीपने चष्म्यावर उडालेले शिंतोडे पुसले. मी घाबरून शेवटच्या दोन ओळी गिळल्या. भटजींना वाटलं संपलं. सावधान म्हणाले, अक्षता उडाल्या, बँड सुरू, माणसं ताटांकडे.

तू मात्र डोळे मिटून तिसऱ्या ओळीत होतीस.

ज्योतीराम तुला थांबवायला निघाला, मी त्याचा हात धरला. दिव्याने उचललेला हार तसाच धरून ठेवला. तिच्याकडे बघून बँडवाल्याने हात खाली केला. मग चौथी ओळ तू एकटीने म्हटलीस. चार दात, कागद नाही, चाल पाळण्याची, आणि एक अक्षर गळलं नाही. आक्का, मी रचलेलं मला तिथे पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्या तोंडात ते इतके दिवस नुसतं पाठ होतं.

मंगळवारी स्क्रू बसणार. हाड चांगलं धरलंय म्हणतात. दात आले की चाकणला येतो. गोदामाच्या दारात बसू, आणि ते तुझ्या चालीत मला शिकव. चुकलो तर खुशाल हसू दे त्या वॉचमनला.

लोभ कर, राग कर, पत्र मात्र टाक.
तुझा कोंडू