शहीद नसलेल्या माणसाचं मेडल

बाबा,

विश्वकर्मा पूजेला अकरा दिवस राहिलेत आणि तुमचं मेडल घरात नाही. चोरीला गेलं नाही, हरवलंही नाही. मीच देऊन टाकलं, आईला न विचारता, भर स्टेजवर, एका सिनेमातल्या हिरोला. आज सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा छतावर जाऊन पाण्याची टाकी पाहून आलो, ती भरलेलीच होती. एकदा स्कूटर पुसली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायची अशी घाई कधीच झाली नव्हती. कागदावर पुस्तकातली मराठी येते, घरातली येत नाही, तेवढं चालवून घ्या.

झालं असं. मागच्या हिवाळ्यात इथे भिलाईत, नेहरू नगरला, एक मोठी जिम उघडली आणि उद्घाटनाला हा हिरो येणार म्हणून गावभर पोस्टर लागले. त्याला फौजेच्या जुन्या वस्तू जमवायचा शौक आहे. आजकाल या मोठ्या लोकांत ही हवाच आली आहे, कोणी क्रिकेटवाला लढाईतले हेल्मेट जमवतो, कोणी गायक जुन्या वर्द्या काचेत लावतो. याच्याकडे तर म्हणे अख्खी जीप आहे, दिवाणखान्यात उभी. जिमच्या मालकानं जाहीर केलं की ज्याच्या घरी फौजेची काही निशाणी असेल आणि ती द्यायची असेल, त्याला स्टेजवर बोलावू, हिरो स्वतःच्या हातानं घेईल. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पूजेच्या सामानाच्या डब्यातून मेडल काढलं आणि खिशात घातलं. मनाशी म्हटलं, वर्षातून एक दिवस, विश्वकर्म्याला अवजारांसोबत पुजायला, बाहेर निघतं, बाकी दिवस कापरासोबत पडून राहतं, तिथे निदान लोक पाहतील तरी. माणूस स्वतःला किती सफाईनं पटवतो, पाहा.

स्टेजवर माझा नंबर चौथा होता. समोर गर्दीच गर्दी, पार सुपेल्याच्या चौकापर्यंत गाड्या अडकलेल्या. मी म्हणालो, "सर, मेरे पिताजी का है. लड़ाई के टाइम का." त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून घेतलं, प्रसाद घ्यावा तसं. मग हळूच विचारलं, "पिताजी हैं?" मी मान हलवली, नाही. त्यानं आवाज आणखी उतरवला, "शहीद हुए?" माइक सुरू होता, बाबा. एका शब्दाचं काम होतं, "नहीं सर." तो एक शब्द काही तोंडातून निघाला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, "जी सर." मग जो गजर झाला, काय सांगू! त्यानं मला मिठी मारली आणि मी रडलो. खरंच रडलो, नाटक नव्हतं. लोक माझ्यासोबत फोटो काढत होते, एक म्हातारा माझ्या पाया पडायला वाकला आणि मी त्याला वाकू दिलं.

आणि तुम्ही कोण होते? फौजेत तुम्ही लंगरात रोट्या शेकत होते. भंडाऱ्याकडचा धानाच्या शेतातला पोरगा भरतीला गेला, बंदूक मागितली आणि हाती झारा आला, असं तुम्हीच हसून सांगायचे. त्या लढाईत जे जे तिकडे होते त्या सगळ्यांना ते मेडल मिळालं, तुम्हालाही मिळालं. "साऱ्याइलेच भेटलं बाप्पा, मले का वेगळं भेटलं," हे तुमचं ठरलेलं वाक्य. फौज सुटली आणि तुम्ही भिलाईत स्टील प्लांटच्या कँटीनमध्ये लागले, पुन्हा तेच, मोठमोठे गंज, डाळ, भात, पहाटेची शिफ्ट. आणि गेले ते प्लांटच्या दवाखान्यात, शुगरनं, पायाला पट्टी बांधलेली असताना. शेवटच्या दिवशी नर्सला सांगत होते की खिचडीत हळद जास्त झाली. यात शहीद कुठून आला?

सहा महिने काही झालं नाही. आईला वाटत होतं मेडल डब्यातच आहे. गेल्या महिन्यात माझी मुलगी मोबाइल घेऊन धावत आली, "पप्पा, ये देखो, आजोबाचं मेडल!" हिरोनं आपल्या घराचा व्हिडिओ टाकला होता. भिंतभर काच, काचेमागे दिवे, आणि मधोमध, एकटं, तुमचं मेडल. त्यानं स्वतःच्या रुमालानं काच पुसली आणि कडेवर बोट फिरवून म्हणाला की पाहा, इथलं नाव झिजून गेलं आहे, घरच्यांनी किती वर्षं हात फिरवला असेल, एका शहिदाच्या मुलानं हे भिलाईत माझ्या हातात दिलं. चांगला माणूस आहे तो, बाबा. मला त्याच्यावर रागही काढता येत नाही. मुलगी म्हणाली, "पर वो शहीद क्यों बोल रहा है?" आणि आई मागे उभी होती, भाजी निवडायचं ताट हातात.

आईनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना ताट खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "शहीद? तुया बाप शहीद कवा झाला रे? मले तं कोनी सांगतलंच नाई." मी म्हणालो, गर्दी होती, माइक होता, गडबडीत झालं. ती म्हणाली, "गडबडीत माणसाची चप्पल बदलते, बाप नाई बदलत." मी मोबाइल उलटा ठेवला. "बत्तीस वर्सं मी त्याईच्या संगं संसार केला. त्याईच्या आंगाले फोडणीचा वास ये. तो वास मले अजून याद आहे. आन् तू त्याईले सरहद्दीवर नेऊन मारून आला? लाज वाटते का तुले बापाची?" मी म्हणालो, "नाही आई, काहीतरीच काय बोलून राहिली." ती म्हणाली, "मंग आणून दे. पूजेले मी झारा आन् मेडल संगंच ठेवतो, त्याईनं ठेवलं तसं. या वर्सी नुसता झारा ठेवू का?" त्यानंतर ती माझ्याशी मोजकंच बोलते. जेवायला वाढते, पण "घे अजून" म्हणत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लाज वाटते का, हा प्रश्न ती विचारून मोकळी झाली, मी मात्र तेव्हापासून घरात या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिलो आहे. कारण तुम्हाला आणि मला एक दिवस माहीत आहे, जो तिला माहीत नाही. मी नुकताच अप्रेंटिस लागलो होतो, मशीन शॉपला. नवी निळी वर्दी, नवे दोस्त, सगळे साहेबलोकांचे पोरं. दुपारी कँटीनला रांगेत उभे राहिलो आणि समोर तुम्ही, डोक्याला पांढरा रुमाल, हातात डाळीचा डाव. माझ्या मागचा दोस्त काहीतरी चेष्टा करत होता, वाढणाऱ्यांच्या घामावरून. मी ताट पुढे केलं आणि तुमच्याकडे पाहिलंच नाही. तुम्ही क्षणभर थांबले. मग एकदम परक्या आवाजात, हिंदीत विचारलं, "दाल और दूँ, बेटा?" प्रत्येकालाच तुम्ही बेटा म्हणायचे, म्हणून कोणाला कळलं नाही. मी म्हणालो, "नहीं, बस." तुम्ही तरी एक डाव जास्त घातला. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही फक्त एवढं म्हणाले, "आज डाळ जमली होती का रे?" मी म्हणालो, जमली होती. रागावले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा खूप लाज वाटली, आणि ती तुमची नव्हती, माझीच होती, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

पाणी पिऊन आलो. तर मी हिरोच्या मॅनेजरला फोन लावला. आठ दिवस लावत होतो तेव्हा एकदा उचलला. बाई होती, बोलायला नीट. मी म्हणालो, मेडल परत पाहिजे, आईची इच्छा आहे. ती म्हणाली, "सर, रोज़ फोन आते हैं. कोई भी बोल देता है मेरा है. किनारे पर नंबर और नाम रहता तो मैच कर लेते, वो तो घिसा हुआ है." आता तिला काय सांगू की ते कोणी हात फिरवून झिजलेलं नाही! कँटीनच्या त्या दिवसानंतर मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं. पूजेच्या आधी, पहिल्या स्टायपेंडच्या जोरावर, तुम्हाला न सांगता मी मेडल सुपेल्याला घेऊन गेलो, जिथे भांड्यांना पॉलिश करतात. आपण भिलाईची माणसं, लोखंडात जन्म गेला, धातू दिसला की चमकव, एवढंच कळतं. त्या कारागिरानं विचारलं, "किनारा भी मारूँ?" मी म्हणालो, "पूरा चमका दो." बफच्या चाकानं तुमचा नंबर गेला, हुद्दा गेला, नाव गेलं. मेडल मात्र नव्या रुपयासारखं झालं. पूजेच्या पाटावर तुम्ही ते उचललं, कड नखानं चाचपली आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "काहाले हात लावला? नाव खाल्लं ना रे त्या मशीननं! कावून इचारलं नाई मले?" मी रडकुंडीला आलो तेव्हा तुम्ही ते पुन्हा झाऱ्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "जाऊ दे. आपल्या घरात आहे तं आपलंच आहे. नाव कोनाले वाचून दाखवाचं आहे?" ते आता आपल्या घरात नाही.

व्हिडिओतली गोष्ट खरी नाही, एवढं मी कसंबसं सांगितलं, तेव्हा त्या बाईनं शेवटी रस्ता काढून दिला. म्हणाली, पिताजींचं फौजेतलं डिस्चार्ज बुक असेलच, त्याच्या पहिल्या पानाचा फोटो आणि दोन ओळी मेल करा, ते कसे गेले ते खरं लिहा. सरांना खोटी गोष्ट लावलेली वस्तू घरात नको असते, दोन दिवसांत कुरिअरनं पाठवू, आणि व्हिडिओही काढून टाकू. एवढं सोपं! मी आनंदानं आईला सांगितलं. ती लगेच उठली, ट्रंक उघडली, तुमचं लाल पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. तीन दिवसांनी तिनं विचारलं, "पाठवलं का?" मी म्हणालो, "पाठवलं." तेव्हापासून ती दुपारी गेटजवळ खुर्ची टाकून बसते. हुडको कॉलनीच्या या रस्त्यावर कुरिअरवाले दिवसातून दहा येतात. प्रत्येक गाडी थांबली की ती उठते, गुडघ्यावर हात ठेवून.

मी तो मेल पाठवलेला नाही. दोन ओळी लिहायला मला नऊ दिवस लागले आणि अजून त्या झाल्या नाहीत. लिहायला मोबाइल उघडतो आणि आधी तो व्हिडिओ पाहतो. रोज पाहतो, बाबा, शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत, बाजूला जाऊन. मेल गेला की तो व्हिडिओ जाईल, दिवे जातील, आणि ज्यांनी माझ्यासोबत फोटो काढले त्यांना कळेल की याचा बाप कँटीनवाला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, मुलगी कॉलेजात जाते, आणि अजून त्याच रांगेत ताट घेऊन उभा आहे. हे पत्र तर कुठेच पाठवायचं नाही, म्हणून यात तरी लिहितो.

काल पुस्तकाचा फोटो मात्र काढला. आई समोर बसली होती, तिला म्हणालो की त्यांनी पुन्हा एकदा मागितला आहे. पान जुनं आहे, मिटून जातं, म्हणून एका हातानं दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं फोटो घेतला. तुमचं नाव छान आलं आहे, नंबर आला आहे, तुमच्या बापाचं नाव, गाव, सगळं वाचता येतं. फक्त ज्या ओळीत काम काय ते लिहिलं आहे, जिथे निळ्या शाईत "कुक" लिहिलं आहे, तिथे माझा अंगठा आला आहे. मुलीनं पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, अंगूठा आ गया, फिर से लो ना." मी म्हणालो, हो गं, चुकून आला.

चुकून नव्हता आला, बाबा.