पुस्तकातली आई, घरातला बाप

१८ जानेवारी
पुस्तक आणलं. घर कसं चालवावं, मुलांना कसं वाढवावं, स्वतःला कसं सुधारावं — सगळं एकातच! उघडलं तर पहिलंच वाक्य: ‘प्रिय आई.’ पुढच्या पानावर पुन्हा आई. आख्ख्या पुस्तकात बाप नाही. मी मनातल्या मनात शब्द बदलून वाचतो.

शेजारच्या तोक्तोबुबू एजेंनी, सगळ्या गल्लीच्या थोरल्या ताईंनी, पाहिलंच. म्हणाल्या, “सागिन, बायको इस्तंबूलला लोकांची पोरं सांभाळते, आणि तू इथं पुस्तकातून आई व्हायला शिकतोस होय!” हसून हसून डोळे पुसले त्यांनी. मीही हसलो. काय करणार!

२३ जानेवारी
आज कणीक चांगली भिजली. बोरसोक तेलात टम्म फुगले. मेरिम म्हणाली, “बाबा, आईसारखे झालेत.” मग स्वतःच ताटं मांडायला उठली. थोरली आहे, तिला कळतं.

२ फेब्रुवारी
इस्तंबूलहून बुरुलचा फोन. मेरिम भरभरून बोलली. धाकटी आयदाना आलीच नाही — शेगडीजवळ बसून मांजराशी खेळत राहिली. “आई बोलावतेय गं!” — “मला काम आहे.” सहा वर्षांची पोर, तिला काय काम?

पुस्तक म्हणतं, बळजबरी करू नका. मूल शांत असेल तर ते सावरलं आहे असं समजा. नाही केली बळजबरी. बुरुलला सांगितलं, झोपली. मागून कुणाचं तरी पोर रडत होतं. ती तिकडे वळून त्याला चुचकारायला लागली — आयदानाला चुचकारायची ना, त्याच आवाजात. मी फोन कानाला लावून ऐकत बसलो. ठेववेना.

१४ फेब्रुवारी
बर्फ. कोळसा ओला. पुस्तकात ओल्या कोळशावर काही नाही.

२७ फेब्रुवारी
बुरुल येतेय! नोरूझच्या सणाला. थोड्याच दिवसांसाठी, पण येतेय! मालकिणीनं रजा दिली. मी घरभर नुसता फिरतोय. आयदानाला सांगितलं. म्हणाली, “बरं.” बास.

१९ मार्च
आली. बारीक झालीय. केस कापलेत. दारातच मेरिम गळ्यात पडली. आयदानानं लांबून पाहुण्यांना करतात तसा नमस्कार केला. बुरुलचा चेहरा बघवला नाही.

नंतर ती घरभर हात फिरवत हिंडली. चादरी धुतलेल्या, भांडी जागच्या जागी, पोरींची दप्तरं भरलेली. मला वाटलं, खूश होईल. म्हणाली, “माझ्यावाचून काही अडलेलं दिसत नाही.”

“पुस्तकाची कृपा,” मी म्हटलं. विनोद केला! मूर्ख कुठला. माझं काय काय अडलंय ते सांगायचं होतं.

२२ मार्च
सण झाला. काल गल्लीत मोठ्या कढईत गव्हाच्या मोडांचं सुमोलोक शिजत होतं, बायका गात होत्या, बुरुलही गायली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज फोनमधून नाही, समोरून ऐकला.

आज म्हणाली, “मालकीण विचारतेय, आणखी एक वर्ष राहशील का. राहू?”

माझ्या तोंडून निघालं, “तुला ठीक वाटेल तसं.” पुस्तकात तसंच आहे — जोडीदाराच्या निर्णयाचा मान राखा. तिनं हातातला फडका घडी करून ठेवला. मग म्हणाली, “बरं. राहते.”

तोक्तोबुबू एजे कुंपणापलीकडून ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, “अरे बैला, ‘नको जाऊस’ म्हणायला कुठल्या पुस्तकाची परवानगी लागते?”

२६ मार्च
सकाळी बुरुलला विमानतळाच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. गाडी भरलेली, मागे पोत्यांचा ढीग. मी सामान वर चढवत होतो. मेरिम रडली. आयदाना रडली नाही. “मी घरी जाते,” म्हणाली आणि वळली. घर कोपऱ्यावरच, म्हणून जाऊ दिलं. गाडी हलली. मी हात हलवला. ‘नको जाऊस’ म्हटलंच नाही.

घरी आयदाना नाही. अंगणात नाही, एजेंकडे नाही, नदीवर नाही. हाका मारून मारून मेरिमचा आवाज बसला. मी परत स्टँडकडे —

२६ मार्च, दुपार
बुरुलचा फोन. दोलोनच्या घाटातून. धड बोलताही येत नव्हतं तिला. “सापडली — मागच्या सीटखाली, पोत्यांमागे — मला सोडतच नाहीये रे!” मागून आयदानाचा आवाज, हमसून हमसून, “आई, आई.”

“आणि तुझं विमान?” मी विचारलं.

“कसलं विमान! समोरून येणारी गाडी थांबवलीय. चहा ठेव.”