मोहाची पहिली ओंजळ

१९ मार्च
मोह गळायला लागला! आईचा फोन होता. झाडाखाली सडा पडलाय आणि कुणी हात लावत नाही. कसा लावणार? आधी पूजा, पहिली ओंजळ झाडाला. तोवर वेचायचं नाही, एक फूल तोंडात टाकायचं नाही. आणि पूजा करणारे बाबा दिवाळीत गेले. त्यांच्यामागे गावाचा कटोडा, म्हणजे पूजेचा मानकरी, कोण, यावर म्हाताऱ्यांच्या अजून बैठका चालल्यात.

२१ मार्च
लच्छूकाका म्हणतो, आमच्या घरातल्या मुलानंच पूजा करायची. म्हणजे त्याच्या शंकरनं. शंकर पुण्यात, त्याला सुट्टी मिळेना. म्हणून अख्ख्या गावानं थांबायचं! मंत्र सोडाच, त्याला गोंडीत धड पाणी मागता येत नाही.

मला येतं सगळं. लहानपणापासून बाबांचा तांब्या धरून मागे उभी राहायचे. गेल्या वर्षी ते अडखळले तेव्हा पुढचा शब्द मीच हळूच दिला. तेव्हा नाही कुणाचा देव बाटला.

२४ मार्च
आज कंडक्टरची ड्युटी किनवट–नांदेड. गाडी खच्चून भरलेली. तिकिटं फाडतेय, पण लक्ष सगळं गावाकडे. आई सांगत होती, फुलं सडायला लागलीत, गुरं खातायत, बाया लांबून बघून चडफडतायत. बोलत मात्र कुणीच नाही.

डेपोत रजा टाकली.

२५ मार्च
गावी आले आणि काकाला सगळ्यांसमोर सांगितलं, पूजा मी करणार. तो म्हणाला, "बाईच्या हातचं देव घेत न्हाई. तू केलीस तरी ती पूजा आमी धरणार न्हाई."

"नका धरू," मी म्हटलं. "मी तुमची न्हाई, झाडाची करून राहिले."

भीती वाटलीच, खोटं कशाला लिहू? पण चालत्या गाडीत दारुड्यांशी भांडते मी, काकाला काय घाबरायचं!

आई रडली. गाव वाळीत टाकील म्हणते. टाकू देत.

२६ मार्च
केली! सकाळीच जागा सारवली, दगडांना हळद लावली, पळसाच्या पानावर पहिली ओंजळ ठेवली. मंत्र मोठ्यानं म्हटला – मुद्दाम, काकाच्या घरापर्यंत जाईल असा. मध्येच बाबांची इतकी आठवण आली की त्यांच्यासारखीच अडखळले. तरी थांबले नाही.

सोबत फक्त आई. बाया आपापल्या दारातून बघत होत्या. काकानं तर दारच लावून घेतलं.

दिवसभर कुणी एक फूल उचललं नाही. म्हणजे धरली नाही पूजा. जीव जळतोय. पण माफी? मुळीच नाही! पुढच्या वर्षी पुन्हा करीन.

२७ मार्च
उजाडताच झाडाकडे गेले. खाली एक फूल नाही!

परत येताना काकाचं अंगण लागलं. काकू खाटेवर मोह वाळत घालत होती. शेजारी काका बसलेला, तोंड हलत होतं. मला पाहून थांबलं.

मग त्यानं गिळलं.