तुकडी तीनचा स्वयंसेवक पालक

४ जून, सोमवार
कन्येला कॅडेट तुकडीत जाऊन सहा महिने झाले. चौदा वर्षांची पोर पहाटे पाचला हाक न मारता उठते, स्वतःचे बूट स्वतः घासते. माझ्याशी मात्र दिवसाला सरासरी चार शब्द. हो, नाही, माहीत नाही. ('माहीत नाही' हे दोन धरले आहेत.) निष्कर्ष: कॅरॅक्टर घडतंय, पण पाया घरातूनच हवा. तुकडीला स्वयंसेवक पालक हवाय अशी नोटीस होती. फॉर्म भरला. 'पूर्वानुभव'मध्ये लिहिलं, शाळेत एक वर्ष कवायत. खरं म्हणजे तीन आठवडे. मग कांजिण्या आल्या.
कन्येला सांगितलं नाही. सरप्राइज.

९ जून, शनिवार. सकाळी ११
सरप्राइज दिलं. मैदानावर मला बघताच कन्या ताठ उभी राहिली, पापणी हलेना. केवढा आदर! बायको म्हणते, पोरीचं धाबं दणाणलं असेल. बायको तिथे नव्हती.
तुकडीचे निवृत्त सुभेदार सज्जन आहेत. त्यांनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं. 'डावीकडे वळ'ला मी उजवीकडे वळलो. शेजारची कॅडेट आणि मी, नाकाला नाक. सुभेदार म्हणाले, काका, तुम्ही सावलीत बसा. बरोबरच आहे. सेनापती कुठे रांगेत असतो?

१६ जून, शनिवार
पाण्याच्या पिंपाची जबाबदारी माझ्यावर. म्हणजे लॉजिस्टिक्स. लढाया यावरच जिंकतात. घरून शिट्टी नेली होती, दोनदा वाजवली. धावती तुकडी मध्येच थांबली, मागचे पुढच्यांवर आपटले. शिट्टी आता सुभेदारांच्या खिशात आहे.

१७ जून, रविवार
घरातही सिस्टिम लावली. साडेपाचला हजेरी. बायकोने पांघरुणातूनच सांगितलं, गैरहजर लिहा. कन्या आधीच मैदानावर गेलेली. रविवारी कवायत नसते, तरी गेली. केवढी निष्ठा!

२३ जून, शनिवार
कन्या घरी येताना म्हणाली, पुढच्या शनिवारी मी नाही आलो तरी चालेल. सात शब्द! माझ्या तब्येतीची काळजी दिसते. पुढच्या शनिवारी तुकडीनायकाची निवड आहे. आता तर जायलाच हवं.

३० जून, शनिवार. दुपारी १
काय लिहू.
प्रत्येक उमेदवाराने सगळ्या तुकडीला हुकूम द्यायचे होते. कन्येची पाळी आली. पहिल्याच शब्दाला तिचा आवाज अडकला. सुभेदार शांत उभे होते. मी नव्हतो. पाण्याचा ग्लास घेऊन मैदानाच्या मधोमध धावत गेलो आणि ओरडलो, अगं, पोटातून आवाज काढ! अख्खी तुकडी फिस्सकन हसली. कन्या मैदान सोडून निघून गेली.
सामानाच्या खोलीमागे सापडली. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.
म्हणाली, "बाबा, मी इथे का येते माहितीये? इथे तुम्ही नव्हतात. घरी मी काहीही करायला घेतलं की तुम्ही आधीच दुरुस्त करता. इथे चुकलं तर फक्त परत करायचं असतं."
मी म्हणालो, "'चुकलं तर' नाही, 'चुकल्यास' म्हणावं."
का म्हणालो, देव जाणे. तोंडातून गेलं. ती मैदानाकडे गेली. ग्लास माझ्या हातातच होता.

१ जुलै, रविवार
हजेरी घेतली नाही. कन्या खोलीत. दारापर्यंत तीनदा गेलो. सॉरी म्हणायचं होतं. तिसऱ्यांदा दार ढकललंच, आणि म्हणालो की टेबलावरचा दिवा उजवीकडे असल्याने वहीवर सावली पडते. तिने दिवा डावीकडे सरकवला. मी परत आलो.
बायकोला सांगितलं, माझं काय करावं कळत नाही. ती म्हणाली, काही दिवस काहीच करू नका. याहून अवघड काम मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

३ जुलै, मंगळवार
राजीनामा. चार मसुदे केले. पहिल्यात 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' होतं, चौथ्यात कारणच नाही. सुभेदारांनी न वाचताच घडी केली. म्हणाले, पोरीला त्या दिवशी नंतर पुन्हा संधी दिली होती, मैदान दणाणून सोडलं तिने. तुकडीनायक तीच.
घरी आलो. बायकोला शनिवारपासून माहीत होतं.

७ जुलै, शनिवार. सकाळी ९
दहा दिवसांच्या शिबिराला तुकडी गेली. बस मैदानाच्या गेटाशी उभी होती. कन्या यादी घेऊन नावं पुकारत होती. एक नाव चुकलं. मी ओठ दाताखाली धरले. तिने थांबून ते परत पुकारलं, नीट.
मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, "पालकांनी दोन पावलं मागे." मी दोन पावलं मागे गेलो. सावधान उभा राहिलो. तिने आमच्याकडे बघून एकदा मान हलवली. आईकडे बघून असेल.
बस वळणाआड गेली. बाकीचे पालक पांगले. बायको म्हणाली, चला आता. मी म्हटलं, विश्राम कुणी म्हटलंच नाहीये अजून.
ती हळूच म्हणाली, "विश्राम."
तरी पाय हलेनात.