उजव्या हाताचा थापा

३ नोव्हेंबर
अखेर स्वतःचे घर. जळगावात भावजयीच्या फ्लॅटमध्ये तिच्या पडद्यांचे कौतुक करण्यात जन्म गेला. निवृत्त झाले आणि धुळ्यात पांझरेकाठचे मदनलाल शेठजींचे दगडी घर घेतले. त्यांचा पणतू अर्हम पुण्यात असतो; विकून सुटला. सागवानी खांब अजून ताठ आहेत. मागच्या मोकळ्या जागेत मोठ्या खिडकीची एक नवी खोली बांधणार, माझ्या पुस्तकांसाठी.
बैठकीच्या दाराशी शेठाणी धनकुंवरबाईंचा कुंकवाचा थापा आहे. त्यांच्यात नवी सून घरात येताना उजवा तळवा भिंतीवर उमटवते. बोटे नको तितकी नाजूक.

९ नोव्हेंबर
थाप्यावर चुना लावायला झुलाल मिस्त्री तयार नाही. म्हणतो, हाई धनकुंवरबाईनं घर शे. खरेदीखत माझ्या नावावर आहे, हे त्याला सुनावले. शेजारची सुंदरबाई धनकुंवरबाईंच्या पापडांचे गोडवे गाते. खाल्ले होते हिच्या सासूने! मेलेल्या बाईचा एवढा तोरा?
चुना मीच फासला, डाव्या हाताने. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्ट्या मारूनही तो सुधारला नाही.

१८ नोव्हेंबर
नव्या खोलीला गिलावा झाला. इथे तरी तिचे पाऊल पडलेले नाही. ओल्या भिंतीत मी माझा उजवा तळवा दाबला. सून नसेन, मालकीण आहे.
बैठकीतला थापा चुन्यातून वर आला आहे. पुन्हा फासला.

२१ नोव्हेंबर
नव्या खोलीतला ठसा माझा नाही. बोटे नाजूक. झुलाल म्हणतो, तुम्हीच तर दाबला.
बैठकीत चुन्याखाली आता रुंद तळवा दिसतो. अंगठ्यापाशी माझाच भाजल्याचा व्रण.

२३ नोव्हेंबर, सकाळ
छिन्नी घेऊन नव्या खोलीतला तिचा ठसा फोडायला गेले. आधी माप पाहावे म्हणून हात ठेवला. नीट बसला. माझी बोटे इतकी बारीक कधी—

दुपार
हात निघत नाही. वही खिडकीत होती. डाव्याने लिहिते आहे. भिंत कोमट. आतून तळव्याला तळवा—

सुंदरबाई अंगणात. हाक मारते, धनकुंवरबाई, आहात का. मला? माझे खरेदीखत, माझी खोली—
ओ देणार नाही. ओठ घट्ट मिटले—
ओ गेली. माझ्याच तोंडून, गोड आवाजात. या ना, म्हणाली. बघा तरी, माझी नवी खो—